एक जिप्सी, चार भाव

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मामांच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली एक मारुती जिप्सी उभी होती. २०२५ च्या दिवाळीनंतर ती विकायला काढली आणि पाच आठवड्यांत तिला चार भाव आले: १ लाख १० हजार, १ लाख ८५ हजार, ३ लाख ४० हजार आणि ४ लाख १० हजार. इंजिन तेच, टायर तेच, पुढच्या मडगार्डावरचा पोचाही तोच. गाडी गेली मात्र यांपैकी कुठल्याच भावाला नाही, ३ लाख ८५ हजारांना. जाहिराती टाकायच्या, फोन उचलायचे आणि नको त्या माणसाला गोडीत नाही म्हणायचं, ही कामं माझ्याकडे होती. त्यामुळे कुठला भाव कुठल्या बाजारातून आला आणि तेवढाच का आला, हे जवळून बघायला मिळालं.

गाडी काय होती

मार्च २००४ ची नोंदणी, एमएच-१९ म्हणजे जळगावचा नंबर, पहिल्यापासून एकच मालक. जिप्सी किंग, १२९८ सीसीचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन, कागदावर ८० अश्वशक्ती. एरवी मागच्या चाकांवर चालणारी. छोटा लिव्हर ओढला की चारही चाकं, म्हणजे फोर बाय फोर, आणखी ओढला की 'लो', हळू पण जास्त ताकदीचा गिअर. मारुतीने जिप्सी १९८५ मध्ये आणली. सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर २०१८-१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. २०२३ मध्ये मारुतीचीच जिम्नी आली, पण स्प्रिंगच्या पाट्यांवर उड्या मारत चालणारी जिप्सी ज्याला हवी असते त्याला जिम्नी दाखवून उपयोग नसतो. म्हणजे बाजारात आहेत त्याच जिप्सी, नवीन येणार नाही. अशा गाडीला मी 'हौसेची गाडी' म्हणतो. तिचा भाव वयावर कमी आणि अवस्थेवर जास्त ठरतो.

जिप्सी घेणारा जाणकार दोन गोष्टी आधी विचारतो. पहिली, गाडी मूळची नागरी की लष्कराच्या लिलावातली? लष्कराने हजारोंनी जिप्सी वापरल्या आणि टप्प्याटप्प्याने लिलावात काढल्या. त्यातल्या काही चांगल्या असतात, तर काहींत इंजिन एकीचं आणि चॅसी दुसरीची निघते, मग आरटीओत चकरा. दुसरी गोष्ट गंज. मुंबई-कोकणातल्या जिप्सीचा फ्लोअर आणि मागच्या फाळक्याखालचा पत्रा हाताने दाबला तरी कुरकुरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, डॅशबोर्डला भेगा पडतात, दारांची रबरं वाळून कडक होतात, पण पत्रा टिकतो. मामांच्या गाडीचं पोट वीस-एकवीस वर्षांनंतरही कोरडं होतं. खानदेशचं ऊन इथे पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं म्हणायचं.

कागद सांगायचे तर पंधरा वर्षं २०१९ मध्ये भरली, तेव्हा एकदा पासिंग झालं. पुढची पाच वर्षं २०२४ मध्ये संपली, तेव्हा पुन्हा. दुसऱ्या वेळी नूतनीकरणाचे ५,००० रुपये लागले, कारण १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून एकदम तिथे गेली. वर पर्यावरण कर वेगळा. आता नोंदणी मार्च २०२९ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती फी १०,००० केली आहे, म्हणजे पुढचा मालक २०२९ मध्ये दुप्पट भरणार. हे आम्ही जाहिरातीत स्वतःहून लिहिलं. मामांना ते पटलं नव्हतं. "आपलं घर आपणच कशाला उघडं पाडायचं?" असं त्यांचं म्हणणं.

दारावर येऊन घेणारे

पहिला प्रयत्न सोप्या वाटेने. गेल्या दहा वर्षांत घरी येऊन गाडी तपासून विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. कार्स२४ आणि स्पिनी दोन्ही २०१५ च्या. ढोबळ फरक असा की कार्स२४ ने सुरुवात केली ती विकणाऱ्याची गाडी तपासून डीलरांमध्ये बोली लावायच्या पद्धतीने, आणि स्पिनी स्वतः गाडी घेऊन, दुरुस्त करून, हमीसह ग्राहकाला विकते. स्विफ्ट, आय-२०, क्रेटा अशा गाडीसाठी ही सोय उत्तम आहे. नावबदलाची डोकेदुखी त्यांची, पैसे खात्यात.

अशाच एका अ‍ॅपवर मी माहिती भरायला बसलो, तर वर्षाच्या यादीत २००४ नव्हतंच. यात त्यांचा दोष नाही. त्यांचं गणित हजारो सारख्या गाड्यांवर चालतं आणि मामांची जिप्सी त्या चाळणीतून खालीच पडते. पण एक गोष्ट लक्षात राहिली. त्या फॉर्ममध्ये फोर बाय फोरचा रकाना नव्हता. जो बाजार प्रश्नच विचारत नाही, तो त्या गोष्टीचे पैसे कुठून देणार?

मग जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे फोटो पाठवले. त्याने वर्ष विचारलं, 'पासिंग आहे ना' विचारलं आणि १ लाख १० हजार सांगितले. त्याच्या जागी मीही तेवढेच सांगितले असते. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक कुटुंबासाठी गाडी बघतं. ही गाडी त्याच्या दारात सहा महिने उभी राहिली असती. शिवाय नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, व्यक्तीने व्यक्तीला विकली तर तो नाही.

डीलरला द्यायचीच असेल तर एक नियम माहीत असावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने ऑनलाइन देता येते. ती दिली की पुढच्या भानगडीला तो जबाबदार. नुसती चावी देऊन, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून घरी येणं ही आपल्याकडची जुनी सवय. तिचा हिशेब पुढे येतोच.

सगळ्यांचा बाजार

ओएलएक्स, कारवाले, कारदेखो, फेसबुक मार्केटप्लेस. इथे कुणीही जाहिरात टाकावी, कुणीही बघावी. ही दुकानं वेगवेगळी दिसतात, पण २०२३ मध्ये ओएलएक्सचा भारतातला वाहन व्यवसाय कारट्रेड टेकने घेतला, आणि कारवाले आधीपासून त्याच समूहात आहे.

पहिल्या दोन दिवसांत छत्तीस जणांनी चॅट केलं. त्यातल्या तीसेक जणांचा प्रश्न एकच, 'लास्ट प्राइस?' दोघांना गाडी डिझेल आहे का ते हवं होतं. एकाला बदल्यात बुलेट द्यायची होती. गाडी खरोखर येऊन पाहिली ती दोघांनी. त्यातल्या चाळीसगावच्या माणसाने १ लाख ८५ हजार लावले, तेही शेतात दूध आणि खत वाहायला. त्याने बॉनेट उघडलं, हॉर्न वाजवला, सीटवर बसून पाहिलं. 'लो' लावून बघू का म्हटलं तर म्हणाला, ते काय करायचंय.

या बाजारात गाडी शोधली जाते गावावरून. पुण्यातला माणूस 'पुणे, ५० किमी' असं गाळून बघतो आणि चोपडा त्याच्या पडद्यावर येतच नाही. काही जण जाहिरातीत गावच खोटं टाकतात. मी टाकलं नाही, कारण पहिल्याच फोनला 'कुठे बघायला येऊ' हा प्रश्न येतो आणि तिथेच विश्वास उडतो.

भाव ठरवतानाही मी याच बाजारात फसलो. दीड-दोन लाखांना कितीतरी जिप्सी दिसत होत्या, म्हणून सुरुवातीला आम्ही अडीच लाखच लावणार होतो. नीट पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच डीएल नंबरच्या. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांवर कडक कारवाई थांबवायला सांगितली होती, तरी वर्षानुवर्षं तिकडच्या जुन्या गाड्या पडेल भावात निघत आल्या. तशी गाडी इकडे आणायची तर ना-हरकत दाखला, इथला कर, नवा नंबर. हे सगळं मिळवल्यावर तिचा भाव किती होतो ते मांडा, मगच एमएच-१९ शी तुलना करा. किंमत वाचण्याआधी नंबर प्लेटची पहिली दोन अक्षरं वाचायची.

आणि हो, 'फौजी' म्हणवणारा ठग पण आला. पोस्टिंग लांब आहे, गाडी बघायची गरज नाही, सांगाल तेवढे देतो, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, हे मामांनाही ठाऊक होतं. त्यांना हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या लष्कराच्या जिप्सी लिलावात निघतात, त्यातला माणूस चोपड्याची जिप्सी न बघता घ्यायला निघाला होता! नंबर सायबर फसवणुकीच्या १९३० वर कळवला आणि विषय संपवला.

सारंगखेड्याची रीत

मामा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारे. तापीकाठचा तो घोडेबाजार ज्याने पाहिलाय त्याला माहीत आहे की तिथे घोड्याचा भाव मालक सांगतो तेवढा नसतो आणि पहिला गिऱ्हाईक मागतो तेवढाही नसतो. चार जाणकार भोवती उभे राहतात. कुणी जबडा उघडून दात बघतो, कुणी भोवरे मोजतो, कुणी चाल बघायला पळवायला लावतो. त्यांचे प्रश्न आणि मालकाची उत्तरं भोवतीचे सगळे ऐकतात आणि त्यातून भाव तयार होतो. माझा वैताग पाहून मामा एवढंच म्हणाले, "घोडानं तोंड देखतस, गाडीनं पोट देखाड."

गंमत म्हणजे ऑनलाइन जगात हीच रीत अमेरिकेतल्या 'ब्रिंग अ ट्रेलर'ने बसवली. २००७ मध्ये सुरू झालेलं, २०२० मध्ये हर्स्ट समूहाने घेतलेलं. तिथे जिप्सीची चुलत बहीण, सुझुकी सामुराई, लिलावात येते तेव्हा मी रात्री जागून बघतो. साधारण आठवडाभर बोली चालते. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं, म्हणजे टपून बसून शेवटच्या क्षणी लाटता येत नाही. घेणाऱ्याकडून संकेतस्थळ ५ टक्के शुल्क घेतं. पण खरी कमाल बोलीची नाही. गाडीचे शेकड्याने फोटो असतात, खालून, आतून, गंजलेल्या बोल्टसकट. जाणकार सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात आणि विकणारा सगळ्यांसमोर उत्तर देतो. लपवलं तर तिथेच पितळ उघडं पडतं. २०२० मध्ये आलेलं 'कार्स अँड बिड्स'ही त्याच वाटेने चालतं, सुरू झालं ते १९८० नंतरच्या गाड्यांसाठी.

आपल्याकडे तसा लिलाव नको, पण ती रीत उचलायला काय हरकत? मी ओएलएक्सवरची जाहिरात काढली आणि जिप्सीवाल्यांच्या फेसबुक ग्रुपमध्ये नव्याने टाकली. आधीचे सहा फोटो होते ते धुऊन-पुसून काढलेले. आता चौसष्ट टाकले. रॅम्पवर चढवून पोटाचे, पाट्यांचे, ट्रान्सफर केसखालच्या तेलाच्या थेंबाचे, चॅसी नंबरच्या पेन्सिल प्रिंटचे. सकाळी थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू होतानाचा व्हिडिओ, न कापता. दोषांची यादी सगळ्यात वर: डॅशबोर्डला दोन भेगा, हूड दोनदा बदललेलं, स्टीअरिंगमध्ये थोडा प्ले, किलोमीटरची केबल दोन वर्षं तुटलेली होती म्हणून काट्यावर विश्वास ठेवू नये. मथळ्यात गाव लपवण्याऐवजी पुढे आणलं: 'जळगाव जिल्हा, कोरडी हवा, पत्रा मूळचा.'

लास्ट प्राइस विचारणारे गायब झाले. आले ते प्रश्न वेगळे. मागच्या एक्सलच्या सीलचा फोटो टाका. फ्री व्हीलिंग हब मूळचे का? विंडशील्डची फ्रेम कोपऱ्यात फुगलीय का? एकाने टपाची कापडी पट्टी बघून सांगितलं की ती मूळची नाही, आणि तो बरोबर होता. मी तेही यादीत घातलं.

शेवटचे तीन

आठवड्यात तीन पक्के गिऱ्हाईक उभे राहिले.

पहिला आपल्याच बाजूचा. ३ लाख ४० हजार, सगळे रोख, उद्याच. नाव नंतर करून घेतो. त्याला डिझेल इंजिन टाकून मोठे टायर चढवायचे होते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्यालाच, घेतली तेवढीच रक्कम. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. त्याच्या गाडीचं तो काहीही करो, पण तोवर आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव मामांचं.

दुसरा इंदूरचा, ४ लाख १० हजार. आकडा ऐकून मामी खुश. अट अशी की आत्ता दोन लाख, बाकीचे ना-हरकत दाखला निघाल्यावर, गाडी मात्र आत्ताच न्यायची आणि नावबदलाचे २९-३० चे फॉर्म कोरे सही करून द्यायचे. मला तो व्यापारी वाटला. गाडी मामांच्या नावावर राहून दोन-तीन हातांतून फिरली असती. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्याकडून. गाडी प्रत्यक्षात कितीही जणांना विकलेली असो. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हातात गेली होती आणि नोंद पहिल्याचीच राहिली होती. म्हणून त्या ४ लाख १० हजारांत २५ हजार जास्त होते असं मी मानत नाही. ते आमच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं होतं, आणि त्याचं भाडं फार कमी लावलं होतं.

तिसरा साताऱ्याचा, तिशीतला मुलगा. फोनवर भाव न विचारता म्हणाला, काका, रविवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो, रॅम्प मिळेल का? जळगाव स्टेशनवरून त्याला घेतलं. खिशात टॉर्च, चुंबक आणि जुना टी-शर्ट. मळ्यात आल्या आल्या गाडीखाली झोपला तो वीस मिनिटांनी बाहेर आला. चुंबक सगळ्या पत्र्यावर फिरवलं; जिथे पुट्टी असते तिथे ते चिकटत नाही. मग अडावदवरून उनपदेवच्या वाटेला गेलो. चढावर त्याने 'लो' लावला, मग उतारावर पाय काढला आणि गाडी इंजिनच्या ताकदीने धरून राहते का ते बघितलं. मामा मागे बसून हे सगळं यात्रेतल्यासारखं बघत होते. माझ्या कानात म्हणाले, "हाऊ गाडी लई जाई."

घासाघीस झाली ती जेवताना, भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर. आमचे चार लाख, त्याचे ३ लाख ६०. मागच्या सीलचे आणि स्टीअरिंगच्या कामाचे पैसे तो वजा करत होता, आणि त्याचा हिशेब खरा होता. ३ लाख ८५ वर हात मिळाले. अकरा हजार इसार लगेच, बाकी सोमवारी आरटीजीएसने. तो त्यासाठी एक दिवस थांबला.

कागदांत घाई केली नाही. राज्याच्या आत विकलेल्या गाडीची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायची असते. आम्ही दोघांच्या आधारवरून नावबदलाचा अर्ज त्याच दिवशी भरला. परिवहनच्या संकेतस्थळावर कर्जाचा बोजा नाही, चलन थकीत नाही, विमा चालू आहे, हे त्याने आपल्या फोनवर स्वतः तपासलं. विमा नव्या मालकाने चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि नो-क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मामांचा राहतो. हे त्या मुलालाही नवीन होतं. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही घातली, दुपारी १:१०. तीन आठवड्यांनी आरसीवर त्याचं नाव आलं.

एक राहिलेलं काम

फास्टॅग बंद करायला मी विसरलो. तो मामांच्या खात्याला जोडलेला. मंगळवारी मुलगा पहाटे निघाला. सकाळी मामांच्या फोनवर चांदवडच्या टोलचा मेसेज आला, पैसे कापले. मी लगेच बंद करायला निघालो तर मामांनी फोन हातातून काढून घेतला. दुपारी उशिरा खेड-शिवापूर आलं. संध्याकाळी ते ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसले होते. साडेसातला आनेवाडीचा मेसेज वाजला.

"पोचनी," मामा म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला. "आते बंद कर."